शामसुंदरच्या गिंबलात अक्षता

शामसुंदर चांदवडकर लग्नाच्या मांडवात उजवा हात पँटच्या खिशात घालून उभा राहायचा, आणि लोक म्हणायचे, काय ऐट आहे बघा या शूटिंगवाल्याची! ऐट कसली डोंबलाची? खिशातला हात हलत होता.

नाशकात व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यातली जी जुनी मंडळी आहेत, त्यांत शामसुंदरचं नाव निघतंच. घर मखमलाबाद नाक्याजवळ, स्टुडिओ रविवार कारंजावर, एका भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर. खांद्यावर वरवंट्यासारखा जड कॅमेरा आणि त्याच्या पोटात कॅसेट, त्या काळापासून तो लग्नं काढतोय. ज्या मुलींची बारशी काढली त्यांची लग्नं काढली, आता त्यांच्या पोरांची बारशी काढतोय. बोलायला गोड, वेळेचा पक्का, आणि पंगतीत कुणाच्या तोंडात घास असताना कॅमेरा म्हणून धरायचा नाही, हा त्याचा नियम. निव्वळ या एका नियमासाठी बायका त्याला दुवा देत.

हात हलायला लागला मागच्या दिवाळीच्या सुमाराला. सकाळी पेपर वाचत बसला होता. डावा हात पेपरावर, उजवा मांडीवर. मांडीवरच्या हाताचा अंगठा आणि बोट आपसांत काहीतरी मळत होते, तंबाखू मळावी तसे. आता शामसुंदरनं जन्मात कधी तंबाखू मळलेली नाही. त्यानं डाव्या हातानं उजवा दाबून धरला. सोडला, की पुन्हा सुरू.

त्याला मल्हारी आठवला. मल्हारी म्हणजे त्याचा उस्ताद, ज्यानं त्याला कॅमेरा धरायला शिकवलं. मल्हारीचा हात असाच हलायला लागला होता. एका लग्नाची कॅसेट हलली, दुसऱ्या लग्नाची हलली, मग ‘मल्हारीला कंपवात झालाय’ एवढं एक वाक्य या मांडवातून त्या मांडवात गेलं, आणि पुढच्या सीझनला त्याला कुणी बोलावलंच नाही. भांडण नाही, तक्रार नाही. फोन वाजायचा थांबला, बस. आता मल्हारी पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून असतो आणि शामसुंदर तो रस्ता टाळून जातो.

तेव्हा डॉक्टरकडे जायचं नावच नको. डॉक्टरकडे गेलं की तो नाव सांगणार, नाव कळलं की घरात कळणार, घरात कळलं की मांडवात कळणार. शामसुंदरनं हात खिशात घातला आणि तोंड मिटलं. चहा अर्धा कपच घ्यायचा. सही करायची वेळ आली की ‘चष्मा विसरलो’ म्हणायचं. वर्षभर असं चाललं. माणूस हसत होता, बोलत होता, आणि आतून त्याचा जीव सारखा टांगणीला लागलेला.

मग शूटिंग कसं करत होता, असं तुम्ही विचाराल. तर त्याला तारलं गिंबलनं. गिंबल म्हणजे एक दांडा, त्याच्या डोक्यावर तीन सांधे, प्रत्येक सांध्यात एक छोटी मोटर, आणि शेवटी कॅमेरा. दांडा धरून तुम्ही पळा, जिना उतरा, नाचा, वर कॅमेरा मात्र पाण्यावर ठेवल्यासारखा शांत. हे कसं होतं ते त्याला त्याच्या मुलीनं, आभानं, समजावलं होतं. आभा कॉम्प्युटर शिकलेली, बापानं काढलेल्या लग्नांचं एडिटिंग तीच करायची.

‘‘बाबा, भोवरा फिरत असला की पडत नाही ना? त्याला ढकललं तरी तो आपली दिशा सोडायला तयार नसतो. तसं एक फिरतं चाक पूर्वी विमानात बसवायचे. ढगात शिरलं की वर कुठे आणि खाली कुठे हे पायलटला कळत नाही, ते चाक सांगायचं. तो जायरोस्कोप. आता तो तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये आलाय. तुझा मोबाइल आडवा केलास की व्हिडिओ आडवा होतो, त्या कामातही तो असतो. गिंबलमधला जायरो सांगतो, हात इकडे वळला. लगेच मोटर कॅमेऱ्याला तेवढंच तिकडे वळवते.’’

‘‘म्हणजे एवढ्याशा चिपमध्ये भोवरा फिरतो?’’

‘‘फिरत नाही रे, थरथरतो. त्याच्या आत एक बारीक तुकडा सारखा मागे-पुढे थरथरत असतो. थरथरतो म्हणून तर त्याला वळणं कळतं.’’

ज्याच्या जोरावर आपली थरथर झाकायची तो स्वतःच थरथरतो, हे ऐकून शामसुंदरला हसावं की रडावं कळेना.

तर असं सगळं झाकलेलं असताना केतकीचं लग्न आलं. केतकीची आई सविताताई पोस्टात नोकरीला, शामसुंदरच्या ओळखीतली. लग्न गंगापूर रोडला एका लॉन्सवर. आदल्या दिवशी सविताताईंनी त्याला बाजूला घेतलं.

‘‘शामभाऊ, एक सांगू का? आमच्यात मुलीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नाहीत. तुळशीला पाणी घालत पाठ करून उभं राहायचं. आजकाल कुणी पाळत नाही, पण सासूबाईंचा हट्ट आहे. तेव्हा अंतरपाट दूर होताना माझ्या केतकीचा चेहरा मला काही दिसायचा नाही. तुम्ही काढाल तेवढाच मी बघणार. नीट काढा हं.’’

‘‘अहो ताई, काळजीच सोडा,’’ शामसुंदर म्हणाला. आणि स्वतः मात्र रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

आता लग्नात गिंबलला मोठा शत्रू कोण, सांगा बरं? पाऊस नाही, धूळ नाही. अक्षता. ‘शुभमंगल सावधान’ झालं की चहूबाजूंनी तांदूळ उडणार, आणि त्यातला एखादा दाणा मोटरीच्या फटीत जाऊन बसला की संपलं. बहुतेक ठिकाणी हल्ली फुलांच्या पाकळ्या असतात, त्यांचं काही नाही. पण इथे सविताताईंच्या सासूबाई, अनसूयाबाई, हळदकुंकवातले तांदूळच हवेत म्हणून अडून बसल्या होत्या. शामसुंदरकडे यावर उपाय होता. हॉटेलात अंघोळीला प्लास्टिकची टोपी देतात ना, ती सांध्यांवर चढवायची आणि वरून रबरबँड.

त्या दिवशी टोपी चढवली. रबरबँड काही चढेना. बोटं ऐकतच नव्हती. रबर निसटायचं, पुन्हा घ्यायचं, पुन्हा निसटायचं. शेजारी फोटो काढणारा खाजाभाई उभा होता, वीस-पंचवीस वर्षं त्याच्यासोबत काम करणारा. तो म्हणाला, ‘‘शामभाऊ, द्या इकडे, मी लावतो.’’

द्यायचं ना सरळ! पण नाही. खाजानं हात बघितला तर? शामसुंदरनं घाईघाईनं टोपी काढून खिशात कोंबली. ‘‘राहू दे हो, काही होत नाही.’’

भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. अक्षता उडाल्या. दुसरं झालं. पुन्हा उडाल्या. तिसऱ्याला गिंबलमधून घर्र घर्र आवाज आला आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. सरळ खाली, नवरीच्या पायांकडे.

‘‘शामभाऊ, तांदूळ घुसला वाटतं!’’ खाजा ओरडला.

दाणा काढायला वेळ नव्हता. ट्रायपॉड पार फाटकाजवळ गाडीत. शामसुंदरनं कॅमेरा खटकन गिंबलवरून सोडवला आणि दोन्ही हातांत धरला. किती महिन्यांनी त्यानं एवढ्या लोकांसमोर नुसत्या हातांनी कॅमेरा धरला होता! सुरुवातीला चित्र ठीक होतं. त्याला वाटलं, जमतंय की. आणि मग उजव्या मनगटातून ती थरथर निघाली, आणि स्क्रीनमधले नवरा, नवरी, मामा, भटजी, सगळेच थडथडायला लागले. झूम करायची सोय नव्हती, झूम केलं की हलणं दहापट दिसतं. त्यानं चौकट होती तेवढी मोठी केली, कोपर छातीशी दाबलं, श्वास धरला. देवा, एवढं एक मंगलाष्टक. एवढं एकच. घामाची धार डोळ्यात गेली. अंतरपाट खाली आला, केतकीनं वर बघितलं, वाजंत्री वाजली, आणि शामसुंदरला त्यातलं काही म्हणजे काही दिसलं नाही.

‘‘आलं ना नीट?’’ सविताताई जेवणाच्या वेळी धावत येऊन विचारून गेल्या. डोळे रडून लाल.

‘‘फस्क्लास!’’ तो म्हणाला. जीभ कशी रेटली देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत तो आभाला म्हणाला, ‘‘कॅमेऱ्यातलं ते दुसरं कार्ड खराब झालंय गं. मंगलाष्टकांचं काही आलेलं नाही.’’

‘‘दे, मी काढते. खराब कार्डातनंसुद्धा निघतं.’’

‘‘नको म्हणालो ना! मी फोन करून सांगतो त्यांना. होतं असं कधी कधी.’’

म्हणजे बघा. ज्या बाईनं पाठ फिरवून उभं राहून फक्त याच्या भरवशावर आपल्या मुलीचं लग्न बघायचं सोडलं, तिला हा सांगणार होता की काही आलंच नाही! शामसुंदर वाईट माणूस नाही हो. पण भ्याला की माणूस कुठल्या थराला जाईल याचा नेम नसतो. फोन हातात घेऊन तो गॅलरीत गेला, नंबर काढला, आणि नुसता उभा राहिला. लावायची हिंमत होईना, ठेवायची होईना. परत आत आला तर आभानं त्याच्या बॅगेतून कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलेलं.

‘‘आभा!’’ तो खेकसला.

तिनं मागे वळूनही बघितलं नाही. ‘‘कार्ड चांगलं आहे, बाबा.’’

पडद्यावर चित्राच्या खाली एक रेष होती. थोडी सरळ, मग करवतीच्या दात्यांसारखी.

‘‘हे काय आहे?’’

‘‘आपल्या कॅमेऱ्यातही जायरो आहे. कॅमेरा कधी, कुठे, किती हलला, सगळं तो लिहून ठेवतो. एडिटिंगला उपयोगी पडतं.’’ ती थांबली. ‘‘बाबा, तुला कॅसेटच्या वेळची सवय आहे. शॉटच्या आधीच रेकॉर्डिंग चालू करायचं, म्हणजे सुरुवातीची टेप वाया गेली तरी चालेल. गिंबल चालू व्हायच्या आधी तू कॅमेरा चालू करतोस. ते सुरुवातीचे तुकडे मी कापून टाकते. त्या सगळ्या तुकड्यांत ही अशीच रेष आहे. ओझरच्या त्या साखरपुड्यापासून.’’

शामसुंदर खाली बसला. ओझरचा साखरपुडा म्हणजे गेल्या दिवाळीनंतरचा पहिलाच. म्हणजे इतके महिने हिला ठाऊक होतं, आणि आपण खुळ्यासारखे तिच्यासमोर अर्धा अर्धा कप चहा पीत होतो!

‘‘मग बोलली का नाहीस?’’ त्याला रागच आला. ‘‘इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलीस?’’

‘‘तू बोलला नाहीस म्हणून.’’ आभाचा आवाज फुटला. ‘‘मला वाटायचं, मी विचारलं आणि तू हो म्हणालास तर ते खरं होईल. रोज तुकडे कापायचे आणि म्हणायचे, आज जरा कमी आहे. कमी नव्हतं रे, बाबा.’’

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. डावा.

आभा त्याला ज्यांच्याकडे घेऊन गेली त्या शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी काय केलं, तर आभाचाच मोबाइल शामसुंदरच्या मनगटाला पट्ट्यानं बांधला. हात मांडीवर ठेवा. नाकाला बोट लावा. आता समोर धरा, धरूनच ठेवा. मोबाइलमधल्या जायरोची रेष समोर उमटत गेली. मांडीवर हलतो. उचलला की थांबतो. धरून ठेवला की थोड्या वेळानं पुन्हा सुरू. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, मनगट वाकवून बघितलं, आणि मग ते नाव घेतलं. कंपवात. सुरुवात आहे. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, बरीच वर्षं काम करता येईल.

‘‘आणि एक करा,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘लपवू नका. लपवताना ताण येतो आणि ताणानं कंप वाढतो.’’

सांगायला काय जातं? शामसुंदर जिना उतरताना हेच पुटपुटत होता. लपवू नका म्हणे. मांडवात भोंगा लावून सांगू का?

घरी आल्यावर आभानं चमत्कार करून दाखवला. कॅमेरा जितका इकडे हलला तितकं चित्र तिकडे सरकवायचं, की थडथड गायब. अंतरपाट खाली येतोय, केतकी वर बघतेय, आणि चित्र कसं, तर तळ्यासारखं शांत. शामसुंदर खुर्चीतून उठलाच.

‘‘अगं, झालं की! हेच द्यायचं. कुणाच्या बापाला कळणार नाही!’’

‘‘थांब. हे करताना चारी कडा कापाव्या लागतात. कापलेल्या कडेला काय आहे ते बघ.’’

तिनं मूळ चित्र लावलं. थडथडणाऱ्या चौकटीच्या अगदी उजव्या कडेला मांडवाचा खांब होता. खांबाशेजारी तुळस. आणि खांबाच्या आडून, हातात तांब्या घेऊन, मान लांबवून बघत होत्या सविताताई! पाठ वगैरे काही नाही. अंतरपाट खाली आला, केतकीनं नवऱ्याकडे न बघता आधी खांबाकडे बघितलं. आईनं तिच्याकडे. तांब्यातलं पाणी सगळं तुळशीऐवजी त्यांच्याच साडीवर.

आभानं चित्र तिथेच थांबवलं.

‘‘दोन्ही घेऊन जायचं,’’ आभा म्हणाली. ‘‘ताईंना ठरवू दे.’’

‘‘हलणारं दाखवायचं? वेडी झालीस? चार जण बघतील, दहा जणांना सांगतील. मल्हारीचं काय झालं विसरलीस?’’

‘‘मायलेकी एका चौकटीत फक्त त्याच्यात आहेत, बाबा.’’

सविताताईंच्या घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेला शामसुंदर मनातल्या मनात एक वाक्य घोटत होता. गिंबलमध्ये अक्षता अडकल्या, म्हणून हललं. खोटंही नाही ते. अक्षता अडकल्याच होत्या. एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं.

घरात सविताताई एकट्या समोर होत्या. अनसूयाबाई आत देवापाशी. आधी त्यानं शांत चित्र लावलं. सविताताईंनी पदर तोंडाला लावला, बघून झालं तरी टीव्हीकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘उपकार झाले, शामभाऊ.’’ इथेच उठता आलं असतं. चहासुद्धा यायचा होता. आभा नुसती बापाकडे बघत होती. शामसुंदर उठता उठता पुन्हा बसला.

‘‘ताई, अजून एक आहे. जरा हलतं. पण त्यात... तुम्ही आहात.’’

‘‘मी? मी कशी असेन? मी तुळशीपाशी होते.’’

‘‘हो. तिथेच आहात.’’

लावलं. सविताताईंनी स्वतःला बघितलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘अगं बाई! बंद करा, बंद करा! मी सासूबाईंना देवाची शपथ घेऊन सांगितलंय, वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणून!’’

‘‘काय बंद करा?’’ अनसूयाबाई दारात उभ्या. ऐंशीच्या पुढच्या, पण कान शाबूत.

शामसुंदरचा हात रिमोटवर गेला आणि रिमोट टेबलावर टकटक वाजायला लागला. सविताताई एकदा टीव्हीकडे, एकदा सासूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘या, बसा. बघा. ही मी आहे.’’

म्हातारी बसली. चष्मा पुसला. पूर्ण बघितलं.

‘‘मला काय सांगतेस? पहिल्या रांगेत बसले होते मी. खांबामागून डोकावत होतीस ते तेव्हाच दिसलं मला. आणि शपथ कसली घेतेस गं? आमच्या लेकीच्या, शकूच्या लग्नात मी खिडकी किलकिली करून बघितलं होतं. कुठली आई राहील?’’ सविताताई हसत होत्या की रडत होत्या कोण जाणे. अनसूयाबाई शामसुंदरकडे वळल्या. ‘‘पण काय रे, हे सगळं हलतंय कशानं? मला तर गरगरायला लागलं.’’

वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर होतं. गिंबलमध्ये अक्षता. त्यानं तोंड उघडलं.

‘‘माझा हात हलतो, आजी,’’ शामसुंदर म्हणाला. ‘‘मला कंपवात झालाय.’’

आता म्हणतील अरेरे, आता विचारतील मग धंद्याचं कसं, याची तो वाट बघत राहिला.

‘‘मग खुर्ची मागायची होतीस,’’ अनसूयाबाई म्हणाल्या. ‘‘एवढा मोठा मांडव, दोनशे खुर्च्या रिकाम्या पडलेल्या. एक घ्यायची, बसायचं, कोपर टेकवायचं आणि काढायचं सावकाश. आम्ही काय नाही म्हणालो असतो? उभं राहून मरायला सांगितलं होतं कुणी तुला?’’

वर्षभर शामसुंदर अख्ख्या नाशकाला भिऊन होता, आणि या वर्षभरात खुर्ची मागावी हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तो त्या परक्या घरात, मुलीसमोर, हमसून हमसून रडायला लागला.